दुसऱ्या व्हायोलाची खुर्ची

बाबा,

परवा रविवारी मी तुमच्या जागेवर बसले. हॉस्पिटलमधले डॉक्टर-नर्स गोळा करून दर वर्षी तुम्ही वाजवायचात तेच ऑक्टेट: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. संगीतकारानं ते सोळाव्या वर्षी लिहिलं, हे मला सोळावं लागल्यावर तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की त्या मुलाचा मला रागच यायचा. यंदा तुमच्या चेलोवाल्या बाईंचा फोन आला. त्या आता काठी घेऊन चालतात. "तुझ्या डॅडचा पार्ट आहे, तूच ये," म्हणाल्या. मी हरखून हो म्हटलं आणि सरावाची मात्र टाळाटाळ केली. ऑफिस, ट्रॅफिक, दुखरा खांदा, सगळी कारणं वापरून झाली.

तुमच्या तालमी अजून डोळ्यांसमोर आहेत: साउथहॅम्प्टनच्या आपल्या डायनिंग रूममध्ये टेबल भिंतीला सरकवलेलं आहे, आई आतून भजी पाठवतेय आणि तेलकट बोटांनी कुणी वाद्याला हात लावला की तुम्ही ओरडताय. शेवटच्या भागातली ती धावती धून आधी एका चेलोत सुरू होते, मग दुसऱ्यात, आणि मग तुमच्यावर येते. तिथे तुम्ही हमखास घसरायचात. बाई गज वर करून सगळ्यांना थांबवायच्या. "डॉक्टर, पुन्हा." तुम्ही घाम पुसून पुन्हा सुरू. मी जिन्यात बसून शरमेनं लाल व्हायचे. एकदा म्हटलंही, जमत नाही तर हळू आवाजात वाजवा ना, कुणाला कळणार आहे? तुम्ही केवढे चिडलात. "चुकायचं तर ऐकू येईल असं चुकावं. बाकीचे सात जण आपल्यावर विसंबून असतात."

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये ती धून माझ्यावर आली आणि मी गज तारेला न टेकवता नुसताच हलवला. चेहरा अगदी तल्लीन करून. माझ्या जागी काहीच वाजलं नाही. पुढे पहिल्या व्हायोलानं धून उचलली आणि वेळ निभावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या सात जणांना कळलं होतं. चहाच्या वेळी बाई माझ्यापाशी आल्या. आता बोलणी बसणार असं वाटलं, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. "लव्हली, डिअर," म्हणत त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. तुम्हाला त्या पुन्हा वाजवायला लावायच्या, बाबा. मला त्यांनी सोडून दिलं. याची लाज मला न वाजवण्यापेक्षाही जास्त वाटतेय.

घरी लेकीनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. ती जागा आली, रिकामी गेली, आणि मग पहिला व्हायोला सुरू झाला, स्वच्छ, कुठेही न घसरता. लेकीचा चेहरा खुलला.

"मम, हे तू आहे ना? आजोबाचा पार्ट?"

"हो, मीच," मी म्हटलं.

हे पत्र खरंच पाठवता आलं असतं ना, तर तुम्हालाही मी छान वाजवलं एवढंच कळवलं असतं.