डाव्या डोळ्यातला कण

बंगळूर, ३ ऑगस्ट २००९

ती. बाबांना,
सविनय जय भीम. फोनवर तुम्ही बरंय म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.

आमच्या मेंदूच्या अभ्यासात भाग घ्यायचा तुमचा अर्ज पोचला. सगळ्या रकान्यांत ‘नाही’, तेही झोकदार अक्षरात. वीस तारखेला मी पुण्यात येते आहे. स्वस्थ पडून राहिलं तरी मेंदू ऑक्सिजन खात असतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात तो किती आणि परतणाऱ्यात किती, हे आम्ही एमआरआयने मोजतो. सुई नाही, दुखणं नाही. फक्त धातूचा रकाना पुन्हा आठवून बघा. डोळ्यात जुना लोखंडी कण असेल तर चुंबक तो ओढतं, दृष्टी जाऊ शकते. तुम्ही वर्कशॉपवाले, म्हणून विचारते.

डावा डोळा अजून गळतो का? आई म्हणते, मालिका बघून रडता आणि नाव डोळ्याचं सांगता.

अभ्यासासाठी तुम्ही सुचवलेल्या वर्कशॉपातल्या जुन्या सोबत्यांच्या यादीत धोंडिबाकाका कसे नाहीत? आईकडून पत्ता घेऊन त्यांना मीच अर्ज पाठवला आहे.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची चैताली

खडकी, ९ ऑगस्ट २००९

चि. चैतालीस,
अ. उ. आ. माझं नाव काढून टाक. धातूच्या रकान्यात मी खोटं लिहिलं.

१९८३ साली कसब्यातल्या वर्कशॉपात घाई होती म्हणून ग्राइंडरचं झाकण मीच काढलं. चाक फुटलं, लोखंडाचा कण माझ्या डोळ्यात गेला. मालकाने विचारलं तेव्हा मी धोंडिबाचं नाव सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डबा घेऊन निघून गेला. तेव्हापासून तो स्वारगेटला किल्ल्या करून देतो. डोळा दाखवला असता तर मशीनपुढे कोण होतं ते कळलं असतं, म्हणून डॉक्टरकडेही गेलो नाही. तुझ्या आईला बाभळीचा काटा सांगितला.

तुझं पत्र वाचूनही दोन दिवस गप्प होतो. डोळ्याचं व्हायचं ते होवो, म्हटलं. मग वाटलं, काही झालं तर ठपका तुझ्यावर येईल. चूक माझी आणि ठपका पुन्हा दुसऱ्यावरच. फार लाज वाटते, पोरी. माझा मेंदू सव्वीस वर्षं काय खातो आहे, ते मला मशीनशिवाय ठाऊक आहे.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
बाबा

बंगळूर, १४ ऑगस्ट २००९

ती. बाबांना,
सविनय जय भीम. तुमचं नाव काढलं. खरं तर ते आधीच काढलं होतं.

तुमच्या पत्राच्या आदल्या दिवशी धोंडिबाकाकांचा अर्ज आला. धातूच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय की आपल्या अंगात काही नाही, पण भीमाच्या, म्हणजे तुमच्या, डाव्या डोळ्यात लोखंड आहे, त्याला मशीनमध्ये घालू नये. बाकी एक अक्षर नाही. नोकरी गेल्याचंही नाही.

तेव्हा नुसती काळजी वाटली होती. तुमचं पत्र वाचल्यावर तुमची लाज वाटली. लिहायला जड जातंय, पण लपवायची सवय आपल्या घरात आता पुरे. आईला तुम्हीच सांगा. डोळ्याच्या डॉक्टरांची एकवीसची वेळ घेतली आहे.

काकांना आणायला मी गाडी सांगितली होती, ती रद्द केली. वीस तारखेला सकाळी स्वारगेटला तुम्ही जायचं आणि त्यांना घेऊन यायचं.

लोभ आहे. किती, ते सध्या विचारू नका.
तुमची चैताली

ता. क. मशीनच्या खोलीत धातूचं काही चालत नाही. काका आत असतील तोवर त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा हातात धरून तुम्ही दाराबाहेर बसायचं.