दहीभाताची पाच ताटं

पिंपळवंडी,
२३ जानेवारी २०२५

चि. अक्षदा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रकृतीचं विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस.

फोन न करता कागद घेतला. फोनवर तू एका कानानं माझं ऐकतेस आणि दुसऱ्या कानानं तुझ्या प्रयोगशाळेचं. शिवाय मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर लेखी हवं आहे, सहीनिशी.

आपल्या स्वराजला गोवर येऊन गेला हे तुझ्या भावानं, पप्पूनं तुला कळवलंच असेल. नवीन वर्ष लागलं आणि पोराला ताप भरला, मग अंगभर पुरळ. तुझ्या आईनं नातवाचं सगळं रीतीनं केलं. दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली आणि संक्रांतीआधीचा मंगळवार साधून देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, पाच लेकरं जेवू घातली. स्वराज आता बरा आहे. कान वाहतोय, तेवढ्यावर शाळा बुडवतोय. तुझा भाऊ लहानपणी असाच होता.

संक्रांत झाली आणि गावात आठ पोरं एकदम पडली. त्यात दादाभाऊचा नातू मोहित आहे. त्याच्या छातीत उतरलंय, नारायणगावला दवाखान्यात ठेवलाय. आणि त्यात राघूची नात भागू आहे, तीन वर्षांची. राघू म्हणजे पारगावकडचा मेंढपाळ, दर थंडीत आपल्या खालच्या वावरात मेंढरं बसवतो तो. यंदा त्याच्या मेंढरांचा वाडा आला आणि स्वराजला ताप आला, एकाच आठवड्यात. एवढं पुरलं. गोवर मेंढरांबरोबर आला असं गावानं ठरवून टाकलं. दादाभाऊ सरपंच नाही, पण त्याला नाही म्हणणारं कोणी नाही. चार माणसं घेऊन गेला आणि राघूचं बिऱ्हाड वावरातून उठवलं.

आता ते नदीपलीकडे उसाच्या कडेला वाघर लावून बसलेत. वाघर म्हणजे त्यांची ती जाळी. तिनं मेंढरू अडतं, वाघ अडत नाही. परवा बिबट्यानं एक मेंढी नेली, काल तिचं कोकरू. भागू तिथंच पालाखाली तापानं फणफणतेय. पुढच्या दोन गावांनी राघूला आधीच निरोप धाडलाय की इकडे फिरकू नका.

त्यांना उठवताना सगळ्यांत मोठा आवाज तुझ्या आईचा होता. तुझा बाप, म्हणजे माझा भाऊ भिमाजी, नेहमीप्रमाणे गोठ्याकडे बघत उभा.

आरोग्य खात्याची माणसं पोरांच्या घशातले नमुने घेऊन गेली. ते तुमच्याकडेच आले असणार. विषाणू कुठून कुठे गेला हे तुम्ही त्याची अक्षरं वाचून सांगता ना? मग एवढंच लिहून दे की हा राघूच्या बिऱ्हाडानं आणला नाही. शाळेपुढे सगळ्यांना गोळा करून मी वाचून दाखवते. माझी बी.एस्सी. इथं कोणी मोजत नाही, पुण्याचा शिक्का मोजतील. मंचरच्या शाळेत सारी नोकरी ओरडून ओरडून समजावण्यात गेली. आता पुन्हा तेच करायचं त्राण नाही.

लवकर लिही. जेवणाच्या वेळा पाळ.
तुझी,
इंद्रायणीआत्या


पुणे,
२९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. प्रकृती ठीक आहे. हे खोटं नाही, नुसतं अर्धं आहे.

नमुने आलेत. पण माझ्यापुढे मोहित नाही आणि भागूही नाही. कुपीवर एक आकडा, वय आणि गाव, बस्स. नावं विचारायची मला मुभा नाही, आणि असती तरी मी ती तुला कळवली नसती. तू शाळेत कुणाचे मार्क दुसऱ्याच्या आईला सांगत होतीस का?

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझ्याकडून काय मिळेल आणि काय नाही ते तुला कळेल. गोवराच्या विषाणूची सगळी मिळून जवळजवळ सोळा हजार अक्षरं. त्यातला साडेचारशेचा एक तुकडा आम्ही वाचतो, कारण तो तिथं जरा जास्त बदलतो. मग तो इतर गावांच्या, इतर देशांच्या तुकड्यांशेजारी ठेवायचा. अक्षरं जितकी जुळतील तितकं नातं जवळचं. असं करत करत नकाशावर वाटा उमटतात. काम चांगलं आहे, मला आवडतं. पण कोरोनापासून एकाच प्रश्नानं जीव दमलाय. जो येतो तो विचारतो, कुणी आणला. आता थांबवायचा कसा हे विचारायला फारसं कोणी येत नाही. आणि आत्या, रागावू नकोस, तूही तेच विचारलंस, फक्त राघूच्या बाजूनं.

निकालाला वेळ आहे. तोवर मला साध्या गोष्टी हव्यात, त्या कुठल्याही यंत्रातून निघत नाहीत. पुरळ आधी कुणाला आलं? नैवेद्य पुरळाच्या कितव्या दिवशी झाला? ती पाच लेकरं कोणती? वर्ष लागण्याआधी स्वराज कुठं गेला होता, आणि त्याचा दुसरा डोस झाला होता का? आईला फोनवर विचारलं तर ती मलाच ओरडते, म्हणून तिलाही पत्र टाकलंय.

तिच्याशी भांडू नकोस. भांडलीस तर हळू आवाजात भांड.
तुझी,
अक्षदा


पिंपळवंडी
३ फेब्रुवारी

चि. अक्षदाला आईकडून लई लई आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. आमी समदी बरी हाये. तुला लिवायला येळ गावतो आन् घरी यायला गावत न्हाई, आसूं दे.

तू इचारलंस म्हून सांगते. सोराजच्या आंगावर उटलं आयतवारी. मंगळवारी ताप उतराय लागला, मंग मी म्हनलं देवीचा वार हाये, आठ दिस कशाला थांबायचं. दहीभात केला, पाच ताटं मांडली. मोहित आला, शेजारची दोन आली, सोनीबाईची नात आली. पाचवं पोर गावंना. मंग मीच पप्पूला धाडलं आन् वाड्यावरनं राघूची बायको तानूबाई, तिची नात भागू आनवली. तानूबाईनं लगेच धाडली, न्हाई म्हनली न्हाई, राघू भी काय बोल्ला न्हाई. पोर सोराजच्या मांडीला मांडी लावून बसली. निम्मा भात त्याच्याच ताटातला खाल्ला. तवा चांगली टुनटुनीत व्हती, नाचत व्हती. आता तूच सांग, आमी एवढं मायेनं जेवू घातलं आन् त्यास्नीच गोवर आनावा?

नाताळात सोराज भोसरीला मामाकडं व्हता, मामाच्या पोराचा वाढदिस व्हता. त्या पोराच्या आंगावर भी कायतरी उटलं व्हतं. पप्पूची बायको म्हनती घामोळं व्हतं. थंडीतलं घामोळं म्या तर कदी बगितलं न्हाई, पन सुनंला कोन बोलनार. सुई एक दिलीया, दुसरी लाकडाऊनमंदी ऱ्हायली.

तुजी आत्या मला ऊटसूट बोलती. तिला म्हनावं, त्या दिशी तू भी हितंच व्हतीस, ताक वाढीत व्हतीस. तवा तुजं सायन कुटं गेलं व्हतं?

दूध पीत जा. हाडं दिसाय लागल्यात तुजी.
आई


पुणे,
१० फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तुला हवा होता तो कागद मी देऊ शकत नाही. निकाल लागला. पिंपळवंडीचे सगळे नमुने एकसारखे आहेत, एकाही अक्षराचा फरक नाही. आणि तीच साडेचारशे अक्षरं भोसरीकडच्या नमुन्यांत आहेत, ठाण्याकडच्या आहेत, आणखी कुठे कुठे आहेत. गोवर ज्या वेगानं पळतो त्या मानानं फार हळू बदलतो. एका गावात कुणाकडून कुणाकडे गेला हे त्या तुकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. राघूनं आणला असं तो म्हणत नाही, आणला नाही असंही म्हणत नाही. दोन आठवडे डोळे फोडून हे एवढंच हाती आलं.

बाकी सगळं आईच्या पत्रात आहे, आणि तिला ते दिसत नाही. भोसरीच्या वाढदिवसानंतर पंधरवड्यानं स्वराजला पुरळ आलं. मेंढरं आली तेव्हा गोवर त्याच्या अंगात आधीच मुरलेला होता. पुरळाच्या तिसऱ्या दिवशी आईनं त्याच्याभोवती पाच पोरं बसवली, आणि त्या दिवसांत गोवर श्वासासरशी जातो. पुढच्या पंधरवड्याच्या आत ती पाचही पडली, त्यांच्या मागोमाग घरातली धाकटी. भागूनं काही आणलं नाही. तिला बोलावून दिलं.

आता मला पुढचं लिहवत नाही, तरी लिहिते. हे तू शाळेपुढे वाचलंस तर राघू सुटेल. पण ज्यांनी त्याला उठवलं तेच लोक आईच्या दारात येतील. मोहित अजून दवाखान्यात आहे. त्याला काही झालं तर दादाभाऊ जन्मभर तिचं नाव घेईल. तिनं देवीसाठी केलं, मायेनं केलं, हे तेव्हा कोण ऐकणार? आणि गप्प बसलो तर ती पोरगी उसाच्या कडेला.

रोज विषाणूची वाट शोधते आणि आपल्याच घरातून बाहेर पडलेली वाट दिसल्यावर नकाशा मिटून ठेवला. काय करायचं ते तू ठरव. मी भित्री आहे, तू नाहीस. आईला मी काही कळवलेलं नाही.

तुझी,
अक्षदा


पिंपळवंडी,
२१ फेब्रुवारी

चि. अक्षदास,
अनेक आशीर्वाद. नकाशा पुन्हा उघड.

तू भित्री नाहीस, फक्त ओझं माझ्याकडे सरकवलंस. हरकत नाही. घरातली मोठी म्हणून एवढं माझ्याकडे येणारच होतं.

शाळेपुढे मी काही वाचलं नाही. तुझं पत्र घेऊन तुझ्या आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. भोसरीचा वाढदिवस, मंगळवार, पाच ताटं, संक्रांतीनंतरचा आठवडा, सगळं तिच्यापुढे ओळीनं मांडलं. आधी ती माझ्यावर उसळली. देवीला उपाशी ठेवायला हवं होतं का, असं विचारलं. ताकाचंही पुन्हा ऐकवलं. ती म्हणते ते खरं आहे, मी तिथं होते. मग तिनं मेथीची निवडलेली आणि न निवडलेली पानं एकत्र केली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. भिमाजीनं मला विचारलं की तिला बरं नाही का. मी म्हटलं, आहे, तू गोठ्याकडे बघ.

मंगळवारी सकाळी तिनं दहीभात केला. मला वाटलं देवळात निघाली. ती डबा घेऊन नदीकडे गेली. मी मागोमाग गेले, पण अलीकडच्या काठालाच थांबले. तानूबाई आणि ती, दोघी वाघरीपाशी बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं दिसलं की तानूबाईनं बराच वेळ डब्याला हात लावला नाही. तोंड फिरवून बसली होती. मग भागूच पालातून बाहेर आली आणि जेवायला बसली. पोरीचे नुसते डोळे राहिलेत.

दुपारी मेंढरं गावातून आली. वळसा घालून मागच्या वाटेनं आणता आली असती, तुझ्या आईनं मुद्दाम चौकातून आणली. ती पुढे, भागू तिच्या कडेवर, मागे राघू मान खाली घालून. चौकात दादाभाऊ आडवा आला आणि कुणाला विचारून आणली म्हणाला. तुझी आई लग्नातसुद्धा एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाली, गोवर माझ्या घरातून गेला, माझ्या ताटावरून गेला, तुमचा मोहित दुसऱ्या ताटावर बसला होता. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या, पण मेंढरं माझ्या वावरात बसणार. दादाभाऊनं एकदा भागूकडे पाहिलं. मग बाजूला झाला. पप्पू नंतर म्हणाला की आईनं एवढी माणसं जमवायला नको होती. मी त्याला दुसरी सुई कुठं राहिली ते विचारलं, तेव्हा नर्सबाईंचा नंबर शोधायला लागला.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नकोस. मोहित घरी आला, पण खोकतोय, आणि त्याची आजी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायचा नवस बोललीय. त्या घरानं आपल्याकडचं दूध बंद केलं. सोनीबाईनं तुझ्या आईकडे पाहून दार लावून घेतलं. तानूबाई वावरात आहे, पण ओसरीवर चहाला येत नाही. मी बोलावलं, तुझ्या आईनंही बोलावलं. यायची तेव्हा येईल. पुढच्या दोन गावांना मी स्वतः जाऊन सांगून आले. एकानं ऐकलं, एकानं पाहू म्हटलं. नर्सबाई आल्या आणि आपल्या ओसरीवर राहिलेल्या सगळ्या पोरांना सुया टोचल्या. वाड्यावरची पोरं सगळ्यांत कमी रडली. निम्म्या आयांना मला घरी जाऊन उठवून आणावं लागलं. दोन दिवस पाय सुजले होते. आता लिहिते आहे तर ते उशीवर ठेवूनच.

शेवटचं, आणि हेच कामाचं. तुझ्या आईनं तुला विचारायला सांगितलं आहे. पुन्हा कुणाच्या घरी गोवर आला तर देवीला किती दिवस थांबायला सांगायचं? एक मंगळवार सोडला तर चालतं, की दोन? मी सांगू शकले असते, पण तिला ते तुझ्याकडूनच हवं आहे. कुणी आणला हे तिनं विचारलेलं नाही, तेव्हा या वेळी तुला उत्तर देता येईल. मोठ्या अक्षरात लिही. तो कागद ती देव्हाऱ्यापाशी लावणार आहे.

लोभ तुझा आहेच, त्याची विनंती काय करायची. झोप मात्र वाढव.
तुझी,
इंद्रायणीआत्या