बिनदातांची राख

आई,

आपल्या घरातून पिठाची चाळणी नाहीशी झाली आहे. नांदेडात आयुष्यभर संस्कृत शिकवलेला तुझा मुलगा आठवडाभर कोंड्यासकट पोळी खातो आहे आणि चोर घरातच उजळ माथ्यानं फिरतो आहे. चोर म्हणजे तुझी नात. सुट्टीला आलीय, आणि तुझ्या चाळणीनं मांजरा नदीकाठची पांढरी राख चाळून राहिली.

तीच राख. बिलोलीकडच्या दरडीतून तू पाटीनं आणायचीस, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून चाळायचीस, देगलूरच्या बाजारात रांगोळी म्हणून विकायचीस. तुझ्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. तोंडाला पदर बांध म्हणालो, तर हसलीस. "लई मऊ हाय रे. दात हायेत का तिला, खायाला मला?" मी भस्मावर श्लोक म्हटला. "देवाशी बोलाया शिकलास, आता ती पाटी इकडं सरकव."

नात म्हणते, ही राख इथली नव्हेच. समुद्रापल्याड सुमात्रा बेटावर हजारो वर्षांपूर्वी डोंगर फुटला, त्याची राख वाऱ्यानं इथवर आली. कशावरून, म्हटलं, पांढरी राख सगळी सारखीच. "रंगावर जाऊ नका, बाबा. हे कण काचेचे आहेत. त्या काचेत सिलिका किती, पोटॅशियम किती, लोह किती, ते मोजायचं. प्रत्येक स्फोटाचं प्रमाण वेगळं." म्हणजे राखेलाही गोत्र असतं तर! "असतं. आणि आजीच्या डब्यातल्या रांगोळीचं तेच निघालं."

मग तिनं सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांसारखे कण. वाकडे, पारदर्शक, कडेला धार. आई, दात होते गं तिला. तू जाईपर्यंत डॉक्टर तुझ्या खोकल्याला दमा म्हणत राहिले, आम्ही काढे देत राहिलो.

नातीला हे सगळं कळतं. प्रयोगशाळेत ती पाण्यातच चाळते म्हणे. घरी मात्र तुझ्याच जागी बसून, कोरडी. "ओली केली की वाळेपर्यंत थांबावं लागतं, बाबा. एवढ्यानं काय होतंय?" तोंड उघडं, पापण्या पांढऱ्या. मी उपदेश केला. तिनं पाटी सरकवायला सांगितली.

हे पत्र व्याकरणाच्या जाड पुस्तकात ठेवतो, तिथं ती हात घालत नाही. चाळणीचं राहू दे. आज सकाळी स्वयंपाकघरातून खोकला आला, कोरडा, मध्येच श्वास अडकून थांबणारा. मी इथूनच हाक मारली, "आई, पाणी आणू का?"

"हो, बाबा," ती म्हणाली.

मला लई भीती वाटून राहिली.