गिल्या वड्याचा स्टॉल

आई, काल शाळेच्या आनंद मेळाव्यात मी चारचौघांसमोर तुझा आजार सांगून टाकला. तू असतीस तर आधी दार लावून घेतलं असतंस आणि मग मला झापलं असतंस. आपल्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, शेजारणींना सांगायची की धाकटीला दमा आहे. दोन आत्यांची लग्नं व्हायची होती, तेव्हा दमाच बरा. पुढे कॉलेजात, सासरी, आणि इथे अमरावतीच्या शाळेत लागल्यावरही मी दमाच सांगत आले. एकदा डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला काही होतं का, तर त्यांनाही मी तेच सांगितलं आणि ते सांगताना मला जराही अडखळायला झालं नाही.

झालं असं की आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी नेपाळात नर्स आहे. डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात टीबीचे पेशंट सांभाळते. मोर्शीची पोरगी, शाळेत असताना दुसऱ्या मजल्यावर जायचाही कंटाळा करायची, ती आता डोंगर चढून घरोघर गोळ्या पोचवते. मध्यंतरी ती मोबाइलवरून नववीच्या वर्गाशी बोलली, आम्ही ते मोठ्या पडद्यावर दाखवलं. ती म्हणाली, औषधं फुकट मिळतात, पण उपाशी पोटी त्या गोळ्या सोसत नाहीत आणि लोक मधेच सोडून देतात. डाळ, तेल, अंडी मिळाली तर माणूस टिकतो. मुलांनी तिथल्या तिथे ठरवलं की यंदाच्या मेळाव्याची सगळी कमाई तिकडे पाठवायची, आणि संस्थेनेही ती रीतसर पाठवायची तयारी दाखवली. ती आणखी एक गोष्ट म्हणाली होती. हा आजार खोकल्याच्या हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही, तरी तिकडेही लोक पेशंटचं ताट वेगळं करतात. मुलांना हे फार लागलं. त्यांनी मोठा कापडी फलक रंगवला, ‘चला, एका ताटात जेवू या’. चित्रकलेच्या सरांनी त्याखाली विमान काढून दिलं, कारण मदत परदेशात जाणार होती.

मग तयारीच्या तासाला नववीतली एक मुलगी उभी राहिली. बडनेऱ्याहून येते, वडील रेल्वेत आहेत. म्हणाली, ‘मॅडम, माह्या आईलेही झाला होता टीबी. साऱ्या गोळ्या खाल्ल्या तिनं, आता एकदम बरी आहे. तिचा गिला वडा ठेवू ना आपण?’ बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फळ्यावर गिला वडा लिहिला. आई, ती हे असं सांगत होती, जसं दुसरं एखादं पोर सांगतं की आमच्या बाबांनी नवी गाडी घेतली. हे असंही सांगता येतं याचं मला इतकं नवल वाटलं की पुढे त्या तासाला मी काय शिकवलं ते आता आठवत नाही. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं.

त्या दिवसापासून अकोल्याचं घर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. जुन्या शहरातलं, बाहेरच्या खोलीचं दार थेट गल्लीत उघडणारं. तू त्या खोलीत. तुझं ताट, गडवा, गिलास खिडकीत पालथे. बाबा जिनिंगमधून येतात, सदऱ्याला रुई चिकटलेली, आणि दारातूनच तुला विचारतात, आज सुई दिली का. मी पहिलीत असेन. एकदा उन्हातून धावत येते आणि तुझ्या गिलासातलं पाणी पिऊन टाकते, आणि तू, जिने मला कधी बोट लावलं नाही, माझ्या पाठीत धपाटा घालतेस. ‘माह्या गिलासाले हात लावशील तं पाह्य मंग.’ मग मी रडायच्या आधी तूच रडायला लागतेस. तू मला जे जे दिलंस त्या सगळ्याला साल असायची. संत्री, केळी, भुईमुगाच्या शेंगा. हा कायदा तुझा तूच काढला होतास. दारावर संत्रीवाला आला की तू त्याला फळं थेट माझ्या झग्याच्या ओच्यात टाकायला लावायचीस आणि लांबून सांगायचीस, साल तूच काढ, आतमंदी माहा हात लागत नाही. मी साल काढायची, आणि तू मी खाताना बघत बसायचीस.

मग तू बरी झालीस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मोठीआईला समोर बसवून सांगितलं की आता काही भीती नाही, हिला सगळं करू द्या. घरी आल्यावर तू डोक्यावरून आंघोळ केलीस, ठेवणीतलं पातळ नेसलीस आणि सैपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिलीस. मोठीआई पोळ्या लाटत होती. ती रागावली नाही. फार मायेने म्हणाली, ‘तू कायले तरास घेतं बाई? तू आराम कर.’ तू थोडा वेळ उभी राहिलीस आणि परत गेलीस. पुढे तू कितीतरी वर्षं जगलीस. धुणी धुतलीस, अंगण सारवलंस, माझ्या वेण्या घातल्यास, मला पाढे शिकवलेस, पण तो आराम काही संपला नाही. मोठीआई वाईट नव्हती. तिने मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यामुळे मला भांडायलाही कोणी सापडलं नाही.

काल शनिवार होता. निम्म्या अमरावतीला शनिवारचा उपास असतो हे मला कालच कळलं. कोथिंबिरीच्या सांबारवडीच्या स्टॉलवर रेटारेटी, आलूभाताचं पातेलं खरवडून झालेलं, आणि त्या मुलीच्या आईच्या स्टॉलवर पाखरू नाही. कोणी तोंड वाकडं केलं नाही बरं का. बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, छान दिसतात हो वडे म्हणत होत्या, आणि उपास सांगून पुढच्या स्टॉलवर भजी खात होत्या. वर तो फलक वाऱ्याने हलत होता, विमानासकट. मुख्याध्यापक सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, त्या ताईंना आपण कुपनांच्या टेबलावर बसवू या, त्यांचाही मान राहील, तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. सर भला माणूस आहे. त्यांच्या आवाजात अगदी मोठीआईची माया होती.

मी निघाले ते खरोखर तिला उठवायलाच निघाले होते. ती स्टॉलमागे उभी होती, केसांना स्वच्छ रुमाल बांधलेला, समोर ताकात भिजलेले वडे, दही, लाल चटणी, सगळं झाकून ठेवलेलं. मुलगी चमचे पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती. मी जवळ गेले तशी ती बाई हलक्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, तुमी कायले आल्या ते समजलं मले. उठतो मी. फक्त पोरीसमोर नोका सांगू.’

आई, मला तू दिसलीस असं मी लिहिणार नाही, कारण दिसली नाहीस. मला फक्त इतका राग आला की शाळेत मी कटाक्षाने पुस्तकी बोलते तेही विसरले. ‘उठू नोका,’ म्हटलं, ‘मले प्लेट द्या.’ तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन वडे ठेवले, वर दही, वर चटणी. चटणी अशी जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते चटणीमुळेच असं लोकांना वाटलं याचं मला बरं वाटलं. इतक्यात एक ओळखीची पालकबाई माझा पदर ओढून कानाशी लागली, मॅडम, तुमाले माहीत नाही काय, यांले काय झालं होतं ते. ती माझ्या काळजीनेच बोलत होती. मी मात्र हळू बोलले नाही.

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘माह्या आईलेही टीबी झाला होता. ती बरी झाली, तरी आमी तिले सैपाकघरात येऊ देल्लं नाही. मरेपर्यंत नाही येऊ देल्लं.’

सगळ्यांचे डोळे भरून आले आणि रांग लागली, असं काही झालं नाही. काहीजण जरा लांब सरकले. मग सर आले, खिशातून कुपन काढलं आणि माझ्या शेजारी उभं राहून खायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यामागून पोरं आली. पोरांना काय, त्यांना वडा दिसत होता. पदर ओढणाऱ्या बाईने एक प्लेट घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी ठेवून गेली. मी तिला दोष देत नाही, तेवढी अर्धी तरी तिने खाल्लीच. बरेच वडे उरले. ते एका डब्यात भरून तिने माझ्या हातात दिले आणि मी घरी आणून रात्रीच्या जेवणाला यांना वाढले. कशाचे, कोणाचे, सगळं सांगून वाढले. तुझंही सांगितलं. हे खातच राहिले आणि म्हणाले, इतकी वर्षं तू एकटीच हे घेऊन बसलीस?

हे कागद कुठे पाठवायचे हा प्रश्नच नाही, पण एक सांगून टाकते. आवराआवर करताना त्या बाईने माझे आभार मानले नाहीत. तिने फक्त विचारलं, ‘मॅडम, तुमच्या आईच्या हातचं काय आवडे तुमाले? सांगा, करून आणतो मी.’ मी पटकन भरली वांगी म्हणाले. सगळेजण सांगतात तसं काहीतरी सांगायला हवं होतं. आई, तुझ्या हातची एकही चव मला आठवत नाही. उद्या सोमवारी ती भरली वांगी घेऊन येणार आहे, आणि ती कशीही झाली तरी मी तिला सांगणार आहे की अगदी तुझ्या हातच्यासारखी झाली.