मास्तराचा फेटा

भागिरथे,

कॉलेज अर्ध्यात सोडून मी नागपूरच्या फ्लाइंग क्लबात निघालो, तेव्हा तुझे बाबा केनवडच्या बाजारात सर्वांदेखत म्हणाले, "आधी सायकल तं सरळ चालव, मंग इमान उडव!" सारा बाजार हसला. तूही हसलीस. मग शाळेतल्या मास्तराशी तुझं लग्न ठरलं.

तेव्हाच मी ठरवलं, एकट्यानं विमान न्यायची परवानगी मिळाली की पहिली फेरी तुझ्या मांडवावरून मारायची. इतक्या खालून, की मांडव उडाला पाहिजे अन् मास्तराचा फेटाही.

पण आमचे शिकवणारे खत्रीसर परवानगीच देऊन नाही राह्यले. मी चढतो झकास, उतरताना मात्र विमान बेडकावानी उड्या मारते. काल सर ओरडले, "अरे, जमीन से क्या दुश्मनी है तेरी?"

आहेच दुश्मनी. त्याच जमिनीवर उद्या तुझं लग्न आहे, अन् मले इथं नुसतं उतरणं जमत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. एक दिवस दगड बांधून वरूनच तुझ्या अंगणात टाकीन. वाचून झालं की मास्तराले घेऊन बाहेर ये, मी वर घिरट्या घालत असीन. त्याचा फेटा मी सोडणार नाही.

फक्त तू हात हलवू नको. हलवलास, तर मले पुन्हा उतरता येणार नाही.

तुझ्या मास्तराचा वैरी,
इंद्रभान