मागाच्या खोलीत गोलूचा गेम

३ एप्रिल, गुरुवार
आज गोलूचा फोन आला. म्हणजे फोन माह्या पोराचा, अमोलचाच होता, पण गोलू मधातच बोलला. म्हणे, आजी, तुझ्याकडे गेमिंग रूम असती ना, तर मी अख्खी सुट्टी तिथंच राहिलो असतो. अख्खी सुट्टी! माह्या कानानं ऐकलं. नातू बारा वर्षांचा झाला, पुण्यात वाढला, चार दिवसांच्या वर इथं कधी टिकला नाही. आता स्वतःच्या तोंडानं बोलला.
ठरवलं. गेमची खोली कराची.
सगळं ह्या वहीत लिहून ठेवीन, म्हणजे काही सुटाचं नाही. तिसरी शिकली मी. गुरुजी म्हणत, वच्छले, तुले अक्षरं कमी अन् गोठी जास्त. वही शेजारच्या मयुरीनं देली. कंप्युटरचं शिकून राहिली ते पोरगी.

५ एप्रिल, शनिवार
मयुरीले विचारलं, गेमची खोली म्हणजे काय काय लागते वं? तिनं मोबाइलवर दाखवलं. डोळ्यावर डबा बांधाचा, दोन हातात दोन मुठी धराच्या, अन् समोर समुद्र काय, डोंगर काय, सगळं. व्हीआर म्हणतात त्याले. गोलूले वाढदिवसाले तोच डबा भेटला. पण त्यांच्या फ्लॅटात हात पसरला की टीव्हीले लागते.
मी म्हटलं, ठीक. एक दिवाण ठेवू, दोन खुर्च्या, टेबल, त्यावर फुलं. मयुरी पोट धरून हसली. म्हणे, आजी, काहीच नाही लागत. खोली खाली पाहिजे. पायात काही नको, आरसा नको, खांब नको. खोलीत काही नसलं म्हणजेच त्यातली दुनिया नीट येते.
असं कसं बाप्पा? आपण खोली मांडतो म्हणजे तिच्यात काही आणतो. इथं मांडणं म्हणजे काढणं. सोपंच झालं की मग.
आमच्या घरी तीन खोल्या. एकीत निजतो, एकीत सैपाक. तिसरीत ह्यांचा हातमाग आहे.

७ एप्रिल, सोमवार
आज ह्यांच्याशी बोलली. मागावर बसले होते, खड्ड्यात पाय सोडून. आमचा माग खड्ड्याचा आहे. विणकर काठावर बसते अन् पायानं खालच्या पावड्या दाबते. हे पंधराव्या वर्षापासून तिथं बसतात, आता चौऱ्याहत्तर झाले. पयले आठ दिवसाले लुगडं उतरे, आता महिन्याले एक. सूतही शालिकराम देते म्हणून. शालिकराम म्हणजे ह्यांचा दोस्त, मागच्या गल्लीत त्याचाही माग आहे. मी तं कधीची म्हणून राहिली, पुरे करा, आराम करा.
सांगितलं, गोलू अख्खी सुट्टी येते, खोली पाहिजे. आडव्या सुताचा धोटा थांबला. म्हणाले, राहीन म्हणते खरंच? मी म्हटलं, म्हणजे काय! त्याच्याच तोंडचं आहे. त्यांनी दोनदा धोटा फेकला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग म्हणाले, ठीक आहे. हातातलं एवढं उतरू दे, मग काढ.
पाहा! इतक्या लवकर तं ते चहालेही हो म्हणत नाहीत. नातवाची ओढ आहे त्यांनाही. बोलत नाहीत एवढंच.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
चांगल्या दिवशी माग निघाला. लकडगंजचा लाकूडवाला गाडी घेऊन आला. तो म्हणे, दोऱ्या कापून टाकतो, दहा मिनिटांचं काम. हे म्हणाले, थांब गा, कापू नको. एकेक गाठ बोटानं सोडली. काही गाठी ह्यांच्या बापानं मारलेल्या. दुपार झाली. लाकूडवाला तीनदा घड्याळ पाहून राहिला, मले मेली लाज वाटली.
गाडीत चढवाच्या आधी हे मागाच्या पाया पडले. डोळ्यात भुसा गेला त्यांच्या. मी म्हटलं, पाणी मारा डोळ्याले. नाही मारलं.
सोमवारी मिस्त्री येईन. खड्डा बुजवून वर टाइल लावाच्या. पोट्टा डोळे बांधून फिरणार, पाय गेला तं?

१९ एप्रिल, शनिवार
टाइल लागल्या. पांढऱ्या, अशा की तोंड दिसते. मयुरी म्हणे, आजी, एवढी चमक नाही चालत, डब्याले कुठं काय आहे ते समजत नाही. मग तिनं सांगितली तशी निळी चटई अंथरली. टाइल झाकल्या गेल्या. असू दे, खाली आहेत तं खऱ्या.
ह्यांची तब्येत सुधरून राहिली. रोज सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिराले जातात, दुपारी येतात. माग होता तेव्हा घराबाहेर पाय नव्हता. थोडे वाळले, पण ते ऊन आहे. एक भाकर खातात, तेही ऊनच. दुपारी झोपले की हात हालतात, इकडून तिकडं. डास असतील. कछुआ छाप लावली.

३० एप्रिल, बुधवार. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया
अमोलचा फोन. दहा तारखेले येतात. म्हणे, आई, पाच दिवसांची रजा आहे. मी विचारलं, अन् गोलूची सुट्टी? तं म्हणे, बघू. म्हणजे पाच दिवस अमोल अन् सून श्वेताचे. गोलू तं राहणारच. बघू म्हणजे होच असते, अमोलचं लहानपणापासून तसंच आहे.
कूलरले नवी वाळ्याची ताटी लावली. महिनाभर पुरतील एवढ्या कुरोड्या घालाच्या आहेत. गोलूले तळलेली कुरोडी आवडते. मागच्या वेळी दोन खाल्ल्या होत्या.

१० मे, शनिवार. संध्याकाळ
आले! गोलू माह्या खांद्याच्या वर गेला. खोली पाहून म्हणे, वॉव. एकदाच म्हटलं, पण मनातून. मग विचारलं, आजी, इथं आबाजींचं ते मशीन होतं ना? मी म्हटलं, काढलं बेटा, तुह्यासाठी. तं म्हणे, ओके. हे दारात उभे होते. ऐकलं त्यांनी. अन् चप्पल घालून बाहेर गेले.
श्वेता म्हणे, आई, एवढं कशाला केलंत? चांगल्या घरची पोरगी आहे, संकोच वाटते तिले.
गोलूनं डबा बांधला अन् बाप्पा, काय उड्या! हवेत तलवार चालवून राहिला. पुण्याच्या दोस्तांशी त्यातच बोलते, त्यातच हसते. मी उंबऱ्यावर बसून पाहून राहिली. मी म्हटलं, गोलू, रस घेतोस काय? त्याले ऐकू जात नाही, कानही झाकलेले. तीन घंटे बसली. जेवाच्या वेळी डबा काढला तेव्हा डोळे दिसले, बापावर गेलेत.
घरात नातवाचं हसू आहे. अजून काय पाहिजे माणसाले?

११ मे, रविवार
गोलू सकाळपासून खोलीतच. मी तीनदा जाऊन आली. एकदा त्याच्या तलवारीचा हात माह्या गालावर लागला. त्याले वाटलं राक्षस आहे. बहुत हसला. मीही हसली.
दुपारी तो निजला तेव्हा डबा हातात घेऊन पाहिला. घामानं ओला, वास मारून राहिला. एवढं लेकराच्या तोंडाले लागते अन् कोणाचं ध्यान नाही. श्वेता बिचारी काय काय पाहणार. उद्या नीट करून ठेवीन, गोलू म्हणीन, आजी हुशार आहे.

१२ मे, सोमवार
आपल्या घरी ऊन दाखवल्याशिवाय काही शुद्ध होत नाही. गाद्या, डाळी, लोणच्याच्या बरण्या, बाळंतिणीचे कपडे, सगळ्याले वैशाखाचं ऊन. म्हणून सकाळी गच्चीवर कुरोड्यांच्या बाजूले पांढरं धोतर अंथरलं, त्यावर डबा ठेवला. आतून ओला होता म्हणून तोंड वर करून, काचा सूर्याकडे. कावळ्याले हाकलाले स्वतः बसली. डोक्यावर पदर घेऊन दोन घंटे.
खाली आणला तं कडक वाळलेला, वास गायब.
गोलूनं डोळ्याले लावला अन् किंचाळला. म्हणे, मधातच पिवळा डाग आहे, काळे ठिपके आहेत, जिकडं पाहावं तिकडं तेच. अमोलनं लावून पाहिलं. म्हणे, आई, ते भिंग आहे! ऊन आत गेलं, स्क्रीन जळली. मयुरीले बोलावलं. तिनं पाहिलं अन् माह्याकडं पाहिलंच नाही. म्हणे, हे नाही होत आता दुरुस्त.
गोलू रडला. बारा वर्षांचा पोट्टा हुंदके देऊन रडला. म्हणे, आजी, तू हात का लावलास? आपण घरी जाऊया, बाबा. मी म्हटलं, बेटा, हेच तं घर आहे. श्वेतानं त्याले जवळ घेतलं अन् बोलली, आई, राहू द्या आता.
राग आहे, संध्याकाळपर्यंत उतरते. लेकरू आहे.
ह्यांनी माह्या भाजलेल्या मानेले खोबरेल लावून देलं.

१३ मे, मंगळवार
अमोलले हापिसातून अर्जंट बोलावलं. आजच निघा म्हटलं त्याले. काय हापिस आहे, दोन दिवस बापाकडं राहू देत नाही! तिकीट बदललं.
गोलूले म्हटलं, तू तं राहा. त्यानं बॅग उचलली. जाताना पाया पडला, पण तोंड ऑटोकडं. मले सोडून जाताना रडू येत असेल, म्हणून पाहिलं नाही. कुरोड्यांचा डबा श्वेतानं घेतला. ऑटोत गोलूच्या जागेवर ठेवला होता तो त्यानं खाली पायाशी सरकवला.

२७ मे, मंगळवार
नवा निश्चय. एक, गोलूच्या वस्तूले ऊन दाखवाचं नाही. दोन, हातच लावाचा नाही. तीन, दिवाळीची तयारी आतापासून.
खोली रोज पुसते. चटई झटकते. खाली खोलीत आवाज घुमते, हे कोणी सांगितलं नव्हतं. काल गोलू म्हणून हाक मारून पाहिली, तं दोनदा ऐकू आली.
हे फिराले जातात ते आता जेवाच्या वेळेपर्यंत येत नाहीत. तलावावर हवा चांगली असेल.

१० जून, मंगळवार
सकाळी अमोलचा फोन आला. दिवाळीले ते केरळात जातात. मी विचारलं, अन् गोलूचा नवा डबा? तं म्हणे, आणलाच नाही, त्याचं मनच उडालं त्यातून, आता फुटबॉल खेळते. मी म्हटलं, बरं झालं, डोळ्याले चांगलं. फोन ठेवला.
ह्यांना सांगावं म्हणून तलावावर गेली. तिथं शेंगा विकणाऱ्या तुळसाबाईले विचारलं. बाई म्हणे, मारोतराव? ते तं इकडं येतच नाहीत वं. मी रोज इथंच बसते, एक दिवस नाही दिसले.
परत आली. मागच्या गल्लीतून धोट्याचा आवाज येऊन राहिला होता. शालिकरामच्या दारात उभी राहिली. मागावर शालिकराम. अन् हे खाली जमिनीवर, चक्री समोर घेऊन, धोट्यात टाकाच्या कांड्यांवर सूत भरून राहिले होते.
कांड्या भरणं विणकराचं काम नाही. ते बायकापोरांचं. ह्यांच्या कांड्या चाळीस वर्षं मी भरल्या. शालिकराम म्हणे, वहिनी, मी म्हटलं त्यांना, मागावर तुमी बसा. म्हणतात, दुसऱ्याच्या मागावर नाही बसत.
मी बाजूले बसली. सांगितलं, गोलू दिवाळीले नाही येत. गेम सोडला त्यानं. ते म्हणाले, मले माहीत होतं. मी म्हटलं, कधी फोन आला तुमाले? म्हणाले, फोन कायले पाहिजे? तू पयल्या दिवशी सांगितलं तेव्हाच. पोरं बोलून जातात वं तसं.
मग माग काहून काढू देला, मी विचारलं. ते सूत ओढत राहिले. म्हणाले, किती वर्षांनी तशी हसून राहिली होती तू. मले नाही म्हणता आलं नाही.
मी म्हटलं, जेवाले चला. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, तू हो समोर, अजून चार कांड्या राहिल्या.