रंगुबाई छाप दंतमंजनाची मालकी

मी, भिमाजी तुकाराम सुरवसे, वय वर्षे बासष्ट, धंदा दंतमंजन तयार करणे, राहणार खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर, माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणाचा दाब नाही. पत्नी मालनबाई एवढेच म्हणते आहे की, "लिवायचं ते लिवा, पन आधी जेवा."

१. राहते घर मालनबाईच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात चिरंजीव गोरक्ष व सून रतनबाई यांचे निम्मे निम्मे. सुनेचे नाव समजून उमजून घातले आहे. तिने माझे आजारपण मुलीसारखे काढले.

२. धंदा कसा उभा राहिला ते वारसांना ठाऊक असावे. किराणा दुकान बुडाले त्या दिवसांत मी दाढ धरून ओट्यावर बसलेला असे. शेजारच्या रंगुबाईंनी, ज्यांना मी मावशी म्हणतो, बाभळीच्या सालीचा कोळसा, मीठ व लवंग कुटून केलेली आपली पूड आणून दिली. ठणका थांबला. मावशींचे तर साठीतही सगळे दात शाबूत होते. मी म्हणालो, "मावशी, हे विकू का? डबीवर तुमचंच तोंड छापतो."

"माजं थोबाड बघून कोन घील रं?" म्हणून त्या खदखदून हसल्या. नगरचे पेंटर दानीएल साळवे यांनी तेच हसू चितारले. गिऱ्हाईक नाव वाचत नाही, 'हसरी म्हातारी द्या' म्हणते. या दुष्काळात आमच्या घरातल्या कोणाला खडी फोडायला जावे लागले नाही, ते त्या हसण्यामुळे.

३. माझे मेहुणे राधाकृष्ण यांस इस्टेटीतून काहीही नाही. आधी ते माझे भागीदार होते. वेगळे झाल्यावर त्यांनी तशीच डबी, तशीच म्हातारी काढून शेवगावपासून जामखेडपर्यंत माल खपवला. आत विटेची भुकटी. लोकांच्या हिरड्या सोलल्या आणि खर्ड्याच्या बाजारात डब्या माझ्या अंगावर आल्या. तेव्हा मावशी बैलगाडीवर चढून उभ्या राहिल्या, सगळ्यांदेखत दातांनी सुपारी फोडली आणि म्हणाल्या, "ह्यो माजा चेहरा, ह्ये माजे दात. त्या डबीवरची बाई कोन हाय, मला ठाव न्हाई."

नगरच्या वकिलांनी सांगितले, डबीवरचे चित्र व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवून घ्या, नाहीतर उद्या तोच तुम्हाला नकली ठरवील. मुंबईच्या कचेरीने विचारले, चित्रातली बाई हयात आहे, तिची लेखी संमती कुठे? मी कागद घेऊन मावशींकडे गेलो, तर मेहुणे नवे लुगडे घेऊन आधीच येऊन गेलेले. मावशींनी ते परत पाठवले होते. मी कारण विचारले. म्हणाल्या, "त्यानं माजं तोंड इकत मागितलं. तू दाढ दुखती म्हनून आल्तास." आणि कागदावर अंगठा उठवला. नोंदणी झाली, वकिलांची नोटीस गेली, नकली माल बंद पडला.

मेहुण्यांस माझ्यामागे अस्सल मंजनाची एक डबी मात्र द्यावी. घासून पाहावे. राग आता उरलेला नाही.

४. धंदा, खलबत्ते, डब्यांचे छाप आणि नोंदलेले व्यापारी चिन्ह गोरक्ष व रतनबाई यांच्या सामाईक मालकीचे राहील. नफ्याचा चौथा हिस्सा रंगुबाईंना, त्यांच्या पश्चात त्यांची नात गोजरबाई हिला. हा उपकार नव्हे, त्यांचा हक्क आहे. नोंदणीची मुदत दर सात वर्षांनी वाढवावी लागते. गोरक्ष विसरतो, सबब ते काम रतनबाईने पाहावे.

५. पेंटर साळवे यांनी पहिल्या चित्राचे पैसे घेतले नाहीत. त्यांच्या घरी दर नाताळाला आमच्याकडून फराळ जावा.

६. गोरक्ष, तुला डबीवर सिनेमातल्यासारखी तरुण बाई हवी आहे. म्हणून हे तुझ्यासाठी. चित्र काढले तेव्हा मावशींचे मालक वारून बरीच वर्षे झाली होती. साळवे यांना ते माहीत नव्हते. त्यांनी कपाळावर ठसठशीत कुंकू काढले. मी ओशाळून म्हणालो, "मावशी, खोडून आणतो." त्यांनी डबी डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

गावात लोक बोलले. विधवेला हे शोभते का, असे दुकानात येऊन मला विचारून गेले. मावशींनी मान खाली घातली नाही, पण डबी दिसली की पदर कपाळावर ओढून घेत.

मुंबईहून नोंदणीचा दाखला आला तेव्हा वकिलांनी समजावले की नोंदलेले चित्र कोणाला परस्पर बदलता येत नाही. मी घरी येऊन मावशींना तसे सांगितले.

"म्हंजी ह्ये कुकू आता कुनालाच पुसता यायचं न्हाई?"

"नाही, मावशी."

"गावालाबी न्हाई?"

"गावालाही नाही."

त्यांनी दाखल्याला हात जोडले. तेव्हा चित्र आहे तसेच राहील.

ठिकाण : जामखेड
दिनांक : ७ मार्च १९७३

सही : भिमाजी तुकाराम सुरवसे

भिमाजी सुरवसे यांनी वाचून, समजून आमच्या समक्ष सही केली :
१. दानीएल शांतवन साळवे, पेंटर, अहमदनगर
२. मच्छिंद्र रावजी गिते, शिक्षक, खर्डा